तोंडातले तीन खिळे

बाईंच्या कचेरीची पाटी उतरवलेली होती, त्यामुळे ती मुलगी दोनदा जिना चढली आणि दोनदा उतरली. तिसऱ्यांदा तिने दार वाजवलं.

"बंद झालं का?"

"शनिवारी होतंय," कारकून कपाटातून डोकं बाहेर न काढता म्हणाले. "आज मंगळवार आहे, पण नवीन काम घेत नाही आम्ही."

बाई खिडकीपाशी जुने कागद फाडत बसल्या होत्या. वय एकोणसत्तर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांसाठी खासगी तपास केला होता आणि त्यातली अठ्ठावीस वर्षं कारकून वही घेऊन त्यांच्या मागे चालले होते. कारकुनांचं अक्षर सुरेख होतं. अंदाज मात्र एकदाही बरोबर आला नव्हता.

"एकच प्रश्न असेल तर विचारा," बाई म्हणाल्या. "एका प्रश्नाला शनिवारपर्यंतचा वेळ पुरेल."

मुलगी खुर्चीच्या कडेवर बसली. तिशी ओलांडलेली. परगावी ग्रंथपाल होती.

"माझे बाबा सोफे, खुर्च्या मढवायचे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. गेल्या आठवड्यात सोमवारी संध्याकाळी कारखान्यात पडले. टेबलाच्या लोखंडी कोपऱ्यावर डोकं आपटलं. शर्ट दारूने भिजलेला, शेजारी बाटली. डॉक्टरांनी दाखल्यावर लिहिलं, दारूच्या अमलात तोल जाऊन मृत्यू." ती थांबली. "मला फक्त एवढंच हवंय. बाबा प्यायले होते का?"

"पूर्वी प्यायचे?"

"सहा वर्षांपूर्वी सोडली. पण शेवटचे दोन-तीन आठवडे फोनवर त्यांची जीभ जड वाटायची. शब्द घसरायचे. सोमवारी दुपारी बाराला मी सरळच विचारलं, पुन्हा सुरू केलीत का? तर म्हणाले, तू बुधवारी येतेयस ना, मग सांगतो. मी म्हणाले, प्यायलेल्या माणसाशी मी बोलत नाही. आणि फोन ठेवला."

कारकुनांनी कपाटाचं दार हळूच लावलं.

"हे कुणाला बोललात?"

"काकांना. बाबांचे धाकटे भाऊ. जाऊन बघा म्हटलं. त्यांना दुकान सोडून जाता आलं नाही. आता रडतात बिचारे."

"आणखी कुणाला?"

"कुणाला सांगणार असलं?"

बाईंनी हातातला कागद फाडायचा थांबवला. "कारकून, वही काढा."

"ती तर गाठोड्यात बांधली."

"मग गाठोडं सोडा."

*

कारखाना म्हणजे एक लांब खोली आणि मागे मिस्त्रींची राहायची खोली. भिंतीला कापडाचे गठ्ठे, छताला टांगलेल्या स्प्रिंगा, जमिनीवर कापसाचे पुंजके. खिडकीखाली शिलाई मशीन. त्यावर वीस वर्षं खोळी शिवणाऱ्या मावशी बसल्या होत्या. किल्ली त्यांच्याकडेच असे. मिस्त्री पडलेले त्यांनाच दिसले होते, मंगळवारी सकाळी नऊला.

"जवळ गेलात?"

"दारातून बघितलं आणि बोंब मारत रस्त्यावर. तोंड बघायची हिंमत झाली नाही."

"त्याच दिवशी कुलूप बदललंत म्हणे," कारकून डोळे बारीक करून म्हणाले.

"बदललं! कुणीतरी आत येऊन गेलं असणार, मग मी काय दार सताड उघडं ठेवू?"

"कुणी आलं असं कशावरून?" बाईंनी विचारलं.

"अहो, मिस्त्री पीत नव्हते. मग बाटली काय पायांनी चालत आली? रोज आठ तास त्यांच्या समोर बसायची मी. दारुड्या नवऱ्याबरोबर संसार केलाय, मला वास ओळखायला डॉक्टर लागत नाही."

मुलीने मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं.

"पण काही बदललं होतं का? एवढ्यात?"

मावशींनी विचार केला. "डब्यातलं सगळं मऊ मागायला लागले. जेवण झालं की मागच्या खोलीत जायचे, दार लोटून घ्यायचे. ग्लासात गोळी टाकायचे, फसफसायची. विचारलं तर म्हणे, पित्त."

"पित्त वाईटच," कारकून आपुलकीने म्हणाले. "मीही घेतो."

टेबलाच्या बाजूला खुंटीवर एक चामड्याचा पट्टा होता. पट्ट्यावर गोल चकती आणि चकतीवर बारीक खिळे साळिंदरासारखे उभे.

"घड्याळ हरवलेला पट्टा," कारकून म्हणाले.

"चुंबक आहे तो," मावशी म्हणाल्या. "मीच शिवून दिला, तीन आठवडे झाले. मनगटाला बांधायचा, खिळे हाताशी राहतात. आधी मूठभर खिळे तोंडात धरायचे. जिभेने एकेक पुढे आणायचे, हातोडीने उचलायचे आणि ठोकायचे. आयुष्य गेलं त्यात. आता पट्टा कशाला म्हणून विचारलं, तर हसले नुसते, तोंडावर हात ठेवून."

"तोंडावर हात?"

मुलीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. त्यातही मिस्त्री तसेच हसत होते. "पुढचे दात पडले तेव्हापासून. उरलेले हलत होते. फार लाजायचे."

टेबलावर एक आरामखुर्ची उलटी ठेवली होती. तळाला पांढरं कापड. तीन बाजूंनी खिळे ठोकून झालेले, चौथी बाजू मोकळी लोंबत होती. लाकडी पट्टीवर मिस्त्रींचा शिक्का डागलेला. बाईंनी भिंग काढलं. कापडावर प्रत्येक खिळ्याभोवती मोहरीएवढा तपकिरी डाग होता.

"चहा सांडला असेल," कारकून म्हणाले.

"एकेका खिळ्यावर एकेक थेंब?"

भिंतीशी एक सोफा होता, मिस्त्रींनी जाण्याच्या आदल्या आठवड्यात पुरा केलेला. बाई जमिनीवर चक्क आडव्या झाल्या आणि त्याच्या खाली सरकल्या.

"बाई, कंबर!" कारकून ओरडले.

"कंबर शनिवारी निवृत्त होणार आहे," सोफ्याखालून आवाज आला. "इथलं कापड स्वच्छ आहे. लिहून घ्या."

*

खुर्ची एका वकिलांची होती. त्यांनी पाहुण्यांना बसा म्हटलं नाही.

"मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, पण माझी खुर्ची कधी मिळणार?"

"मिस्त्रींकडे का दिली होती?"

"जाब विचारायला! दोन वर्षांपूर्वी चौकातल्या मोठ्या दुकानातून घेतली. वर्षभरात बसकण मारली तिने. खाली या मिस्त्रींचा शिक्का, म्हणून सरळ त्यांच्याच दारात नेऊन टाकली. म्हटलं, हेच का तुमचं काम? ते गप्प बसले. सोमवारी तीन वाजता फोन आला. म्हणाले, उद्या नऊला या, खुर्चीच्या पोटात काय आहे ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. गेलो, तर दारात ही गर्दी."

"फोनवर प्यायलेले वाटले?"

"जीभ जरा अडखळत होती. वाक्यं मात्र माझ्यापेक्षा सरळ होती."

"त्यांना काम करताना कधी पाहिलंत?"

"मला तेवढाच धंदा आहे का?"

बाहेर आल्यावर कारकून म्हणाले, "माणूस खवट आहे. त्यानेच रागाने ढकललं असणार."

"सकाळी तुमचा संशय मावशींवर होता."

"तो अजून आहे. हा जास्तीचा."

दाखला देणारे डॉक्टर म्हातारे होते आणि घाईत होते. "गेल्या कित्येक वर्षांत माझ्याकडे आले नव्हते मिस्त्री, पण रस्त्यात दिसले की सांगायचो, खिळे तोंडात धरू नका, एक दिवस गिळाल. आणि शेवटी बघा, ओठांआड तीन खिळे. मीच काढले. काम करता करताच गेला माणूस."

"आत घशात काही?"

"आत कशाला बघू? पुढे दिसत होते ते काढले. दात मात्र या वयात कसे एका ओळीत!"

"दारूचा वास तोंडाला होता?"

डॉक्टरांनी हातातली पेटी खाली ठेवली. "शर्टाला होता. तोंड वेगळं हुंगायचं सुचलं नाही. पूर्वीचा लौकिक ठाऊक होता ना."

*

काकांचं दुकान चौकात होतं. काचेआड झुलत्या खुर्च्या, मखमली सोफे. काका मागच्या भागात एका स्टुलाला कापड बसवत होते. पुतणीला बघून उठले, तोंडातले खिळे तळहातावर काढून ठेवले आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

"जेवलीस का पोरी? चेहरा बघ कसा झालाय."

बाईंना त्यांनी स्वतः खुर्ची पुसून दिली. "दोन वर्षं झाली, दादाच्या कारखान्याची पायरी चढलो नाही. कामावरून खटके उडाले, मी बाहेर पडलो. बोलणंही नव्हतं. पोरीचा फोन आला तेव्हा वाटलं, जावं. दुकानात गिऱ्हाईक होतं." त्यांचा आवाज चिरकला. "दादा गेला तो गेलाच."

"त्यांनी पुन्हा सुरू केली, हे तुम्हाला आधी कुणी सांगितलं होतं?"

"नाही हो. पोरीकडूनच कळलं."

"तुम्ही खिळे तोंडात धरता?"

"दादानेच शिकवलं. दुसरी पद्धत आहे कुठे?"

रस्त्यावर आल्यावर मुलगी म्हणाली, "काकांना तरी संशयातून वगळा. मला आता तेवढेच उरलेत."

बाई वाटेतल्या दुकानातून पुडीभर बारीक खिळे घेत होत्या.

*

बुधवारी सकाळी कारकून कचेरीत आले तेव्हा बाई एका फळकुटावर पांढरा रुमाल ताणून ठोकत होत्या. त्यांचे गाल फुगलेले होते.

"दातदुखी?"

बाईंनी मान हलवली आणि ओठांतून एक खिळा बाहेर आला. कारकून दोन पावलं मागे सरकले.

रुमालाची एक बाजू तोंडातल्या खिळ्यांनी ठोकून झाली. दुसऱ्या बाजूचे खिळे बाईंनी वाटीतून घेतले. मग फळकूट खिडकीत ठेवलं आणि चव घालवायला दोनदा चूळ भरली.

"याला तपास म्हणायचं की काय?" कारकुनांनी विचारलं.

"शनिवारी सांगते. आता मी एका डॉक्टरांकडे जातेय. तुम्ही नका येऊ, तिथे गेलात की तुम्हाला घेरी येते."

*

शनिवारी सकाळी दहाला सगळे कारखान्यात जमले. मावशी मशीनपाशी, वकील घड्याळ बघत, म्हातारे डॉक्टर, काका पुतणीच्या शेजारी. दाराशी ठाण्यातले फौजदार उभे होते. बाईंनी मधोमध फळकूट ठेवलं. रुमालाच्या एका बाजूला खिळ्यांभोवती तपकिरी डाग पडले होते. दुसरी बाजू कोरी होती.

"मला एक प्रश्न विचारला गेला होता," बाई म्हणाल्या. "मिस्त्री प्यायले होते का? नव्हते. जड जीभ, मऊ जेवण, फसफसणारी गोळी. ती गोळी पित्ताची नव्हे. कवळी धुवायची. दुपारच्या जेवणानंतर ते कवळी धुवायचे."

कारकुनांची लेखणी थांबली.

"मिस्त्रींचे पुढचे दात पडलेले होते, म्हणून फोटोतही तोंडावर हात. डॉक्टरांना मात्र दात एका ओळीत दिसले. तीन आठवड्यांपूर्वी मिस्त्रींनी पूर्ण कवळी बसवून घेतली आणि कुणाला कळू दिलं नाही. नव्या कवळीने सगळ्यांचीच जीभ घसरते. कवळी बनवणाऱ्या दंतवैद्यांशी मी बोलले आहे."

मुलीने तोंडावर हात धरला. बाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही.

"दुसऱ्याच दिवशी सवयीने खिळे तोंडात घेतले आणि एक कवळीखाली अडकला. दंतवैद्यांनी तंबी दिली, पुन्हा असं कराल तर जीव जाईल. तेव्हापासून मिस्त्री चुंबकाचा पट्टा वापरत होते. मग ओठांआड तीन खिळे आले कुठून?"

"कुणीतरी ठेवले," वकील पहिल्यांदाच पुढे झुकले.

"ज्याला जुनी सवय माहीत होती आणि नवी माहीत नव्हती, त्याने. मिस्त्री कामात असताना गेले असं दाखवायचं, तर तोंड रिकामं असून चालणार नव्हतं. वकीलसाहेब, तुम्ही त्यांना काम करताना पाहिलंच नाही. मावशींनी तर पट्टा शिवून दिला. त्यांनी खिळे ठेवले असते तर मनगटावर."

"म्हणजे डॉक्टर!" कारकून उद्गारले.

"मी?" डॉक्टर उठलेच.

"बसा हो. कारकुनांचं हे नेहमीचंच." बाई उलट्या खुर्चीपाशी गेल्या. "डॉक्टरांना जुनी सवय ठाऊक होती, खरं. पण ही खुर्ची बघा. सोमवारी तीन वाजता ती उघडी होती. उद्या हिचं पोट बघायला या, असं मिस्त्रींनी वकिलांना सांगितलं. ज्याला आतलं दाखवायचंय, तो त्याच संध्याकाळी ती बंद कशाला करेल? आणि हे डाग. थुंकीने ओला झालेला खिळा कापडाला गंज लावतो. मिस्त्रींनी पट्ट्यावरच्या कोरड्या खिळ्यांनी केलेला सोफा स्वच्छ आहे. ही खुर्ची ठोकणाऱ्याच्या तोंडात खिळे होते, आणि ओळ सुतासारखी सरळ आहे. हा कसबी हात आहे. डॉक्टरांना इतकं सरळ औषधाचं नावही लिहिता येत नाही."

कुणी हसलं नाही.

"राहिली बाटली. मिस्त्रींच्या रोजच्या माणसांना ठाऊक होतं की ते पीत नाहीत. बाटली पटेल असं वाटणारा एकच माणूस. ज्याला सांगितलं गेलं होतं, की पुन्हा सुरू केली आहे." बाईंनी श्वास घेतला. "आणि ते एकाच माणसाला सांगितलं गेलं होतं."

मुलगी सावकाश काकांपासून बाजूला सरकली.

"मावशी," बाई म्हणाल्या, "कापड काढा."

मावशींनी चिमट्याने खिळे उपटायला सुरुवात केली. पहिली बाजू सुटली. कापूस, काथ्या काहीच नव्हतं. पेंढा, पोत्यांच्या चिंध्या, फाटक्या सदऱ्याची बाही.

"हा मिस्त्रींचा माल नव्हे," मावशी म्हणाल्या. "शिक्का त्यांचा. पोट दुसऱ्याचं."

"चौकातल्या मोठ्या दुकानाचं," वकील म्हणाले आणि काकांकडे वळले. "तुम्हीच विकलीत मला ही! म्हणालात, भावाच्या हातची आहे."

"थांबवा," काका म्हणाले. आवाज अगदी साधा होता. "बाकीचं नका काढू."

फौजदार दोन पावलं पुढे आले.

"काका," मुलगी म्हणाली, "मी तुम्हाला बघून या म्हटलं होतं."

"गेलो ना मी. पाचला. तू म्हणालीस पुन्हा सुरू केली, म्हणून बाटली घेऊन गेलो. वाटलं, दोघं बसू, पूर्वीसारखे. दादाने बाटलीकडे बघितलंसुद्धा नाही. खुर्ची दाखवली. म्हणाला, माझ्या नावाचा शिक्का कुठून बनवून घेतलास? उद्या वकिलांना दाखवणार, चौकात सगळ्यांना दाखवणार. मी हात धरला. त्याने सोडवून घेतला. मी ढकललं." काकांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "एकदाच, पोरी. उठेल म्हणून वाट बघत बसलो होतो मी."

"आणि मग खुर्ची बंद केलीत."

"आधी बाटली त्याच्या शर्टावर ओतली. मग हात आपोआप चालले. चौथ्या बाजूला आलो तेव्हा तोंडात तीन उरले होते."

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. फौजदारांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. जाताना काकांनी पुतणीकडे एकदा वळून पाहिलं. तिने नजर हलवली नाही.

*

हळूहळू सगळे गेले. मावशी मागच्या खोलीत जाऊन रडू लागल्या. कारकून त्यांच्यासाठी पाणी घेऊन गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

"म्हणजे बाबा शुद्धीत होते," मुलगी म्हणाली. "मी फोन ठेवला तेव्हा."

"हो."

"आणि बाटली माझ्यामुळे आत आली."

"बाटली काकांनी आणली. पण ते तुझ्याच बोलण्यावरून, हे खरं आहे." बाई तिच्याशी पहिल्यांदाच एकेरीत बोलल्या. "मी खोटं सांगितलं तर तुला कळेल."

मुलीने मान हलवली. मग म्हणाली, "त्यांना काय वाटलं असेल? मी तसं बोलल्यावर?"

"ते मला माहीत आहे."

मुलीने वर पाहिलं.

"सोमवारी दुपारी साडेबाराला मिस्त्रींनी दंतवैद्यांना फोन केला. म्हणाले, डॉक्टर, तुमच्या कवळीने माझा घात केला. मुलगी मला दारुडा समजली आणि फोन आपटला तिने, अगदी तिच्या आईसारखा. आणि हसायला लागले. इतके हसले की वरची कवळी सुटली. डॉक्टरांना ती तिकडे फोनमध्ये वाजलेली ऐकू आली. ती परत बसवून त्यांनी विचारलं, बुधवारपर्यंत नीट बोलता येईल ना मला? बुधवारी ती येतेय."

"हसत होते?"

"हसत होते."

"रागावले नव्हते?"

"डॉक्टरांना मीही तेच विचारलं. ते म्हणाले, अजिबात नाही."

खिडकीतून ऊन कापसाच्या पुंजक्यांवर आलं होतं. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मुलीने डोळे मिटले.

"पुन्हा सांगा," ती म्हणाली.

बाईंनी स्टूल ओढलं, तिच्यासमोर बसल्या आणि पहिल्यापासून पुन्हा सांगितलं, एकही शब्द न बदलता.